‘आवक-जावक’चा उन्हाळा

परवा दुपारी डबा खाताना आमच्या ऑफिसातली पूजा सहज म्हणाली, "मॅडम, ती जुनी मालिका परत लागलीय, टाइपरायटरवाली. माझी आई बघते." माझा घास हातातच राहिला. कुठल्या चॅनेलवर, किती वाजता, पहिल्यापासून दाखवतायत की मधूनच, असे इतके प्रश्न मी एका दमात विचारले की पोरगी बिचारी डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. संध्याकाळी घरी येते तर गल्लीच्या कोपऱ्यावर टँकर उभा. यंदा होळीच्या आधीच विहिरींनी हात वर केलेत. टँकर आणि ‘आवक-जावक’ एकाच आठवड्यात परत आले म्हटल्यावर माझं मन थाऱ्यावर राहणं शक्यच नव्हतं. मी चपला काढल्या, टीव्ही लावला आणि भाजी चिरायची सोडून त्याच्यासमोर बसले.

ही मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा आम्ही चिकलठाण्याच्या मागच्या बाजूला, नव्याने उठलेल्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. काल-परवापर्यंत जिथे ज्वारी डोलायची तिथे पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून प्लॉट पडले होते. रस्ते अजून कागदावरच होते, पण दुकानांच्या पाट्या लागल्या होत्या. दिवसभर कुठेतरी बोअरची गाडी घरघरत जमिनीत खोल खोल जायची आणि शेवटी नुसती धूळ वर काढायची. सगळ्या गल्लीत ओलावा असा एकाच ठिकाणी होता, नव्या बांधकामाच्या भिंतींवर मारलेल्या पाण्याचा. त्या ओल्या सिमेंटचा वास घ्यायला आम्ही बायका बाजारातून येताना मुद्दाम लांबच्या वाटेने यायचो. भिंतीला पाणी आहे आणि आम्हाला नाही, म्हणून बोटंही मोडायचो आणि वासही घ्यायचो.

माझं सासर मेंढरं राखणाऱ्यांचं. ह्यांनी मात्र काठी सोडून कंपनीत मशीन धरली होती. त्या वर्षी गावाकडे चारा उरला नाही, तेव्हा सासूबाई आणि चुलत सासरे कळप घेऊन गोदावरीकाठाला गेले. सासऱ्यांच्या गुडघ्याने मात्र दगा दिला, म्हणून ते आमच्याकडे आले. त्यांना मी मामा म्हणते. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी अशा थाटात ते आले आणि आमच्या लोखंडी पलंगावर बसून त्यांनी खोलीकडे असं पाहिलं की मलाच खोलीची लाज वाटली. आयुष्यभर उघड्या माळावर चाललेला माणूस. दारातून पलंगापर्यंत चार पावलं टाकली की त्यांचा दिवसभराचा प्रवास संपायचा.

बोलणंही तेवढंच. एक गोष्ट मात्र त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकली. "पाऊस पडला की सूनबाई माझ्यासंगं गावाकडं येती. तिकडं घराला बाईमाणूस पायजे. तू खोली सोड, कंपनीतल्या पोरांसंगं राहा." ह्यांनी मान खाली घातली. मी आत भाकरी थापत होते, ती जरा जाडच थापली गेली. बी.ए. होऊन मी त्या शहरात आले होते ते नुसतं टँकरची वाट बघायला नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदरसुद्धा ढळू द्यायचा नाही अशी आमच्याकडची रीत, तिथे ओरडणार कुठून? त्या वर्षी सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसला होता आणि मी एकटी मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडं थांब रे बाबा. असं म्हणताना चोरट्यासारखं वाटायचं, पण म्हणायचे मी.

आणि अशा त्या कोरड्या ठणठणीत दिवसांत, संध्याकाळी बरोबर आठ वाजता, ‘आवक-जावक’ सुरू झाली.

मालिका होती मुंबईतल्या एका जुन्या विमा कंपनीच्या कचेरीची. काळ आमच्या सासऱ्यांच्या लहानपणीचा. उंच छताला लोंबणारे संथ पंखे, लाल फितीत बांधलेल्या फायली, कपबशीत येणारा चहा, साहेबांच्या टेबलावरची टिंग वाजणारी घंटी. दहाचा ठोका चुकला की हजेरीच्या रकान्यात लाल रेघ. आणि या सगळ्या धोतर-कोटवाल्या कारकुनांत एके दिवशी सुमन नावाची एक मुलगी टायपिस्ट म्हणून येते. तिला बसायला खुर्चीच नसते. हेडक्लार्क नाडकर्णी चष्म्यावरून बघत म्हणतो, बघू, मागणी केलीय. ती पाण्याच्या माठाशेजारी एका खोक्यावर मशीन ठेवते आणि उभ्याने टाइप करू लागते. खड् खड् खड्, मग टिंग, मग सर्रकन मशीनची गाडी मागे. तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मी कणीक मळता मळता तशीच दारात येऊन उभी राहिले.

आठ ही वेळ आमच्या गल्लीत भलतीच अवघड. टँकरही आठच्याच सुमाराला यायचा. पहिला आठवडा नुसता तगमगीत गेला. इकडे सुमन साहेबांच्या केबिनमध्ये शिरतेय आणि तिकडे भोंगा. शेवटी शेजारच्या शबाना भाभींनी टँकरवाल्याला गाठलं. "देखो भय्या, तुम साडेआठ को आव. नक्को आव आठ को. आए तो भी कोई पानी नहीं भरने वाला." तो हसला. पण दुसऱ्या दिवसापासून खरंच साडेआठला येऊ लागला. पुढे कळलं की तोही कोपऱ्यावरच्या टपरीत बसून सुमनचंच बघत होता.

त्याशिवाय विमान होतं. मालिका ऐन रंगात आली की विमानतळावरचं संध्याकाळचं विमान आमच्या पत्र्यांवरून घरघरत जायचं आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य गिळायचं. साहेब सुमनकडे बघून काहीतरी म्हणाले, ती रडवेली झाली, पण म्हणाले काय? मग पाणी भरताना चर्चा. कुणी म्हणे त्यांनी तिला काढून टाकलं. कुणी म्हणे तिचे वडील आजारी असल्याची तार आली. शबाना भाभींच्या मते साहेब तिच्या आईला ओळखत होते आणि ही भानगड फार जुनी होती. खरी मालिका लिहिणाऱ्याने आमच्या हंड्यांच्या रांगेत एकदा उभं राहायला हवं होतं, त्याला वर्षभराचा माल मिळाला असता. दुसऱ्या दिवशीचा भाग लागेपर्यंत कुणाला धीर धरवत नसे.

मामा सुरुवातीला टीव्हीकडे पाठ करून बसायचे. "काय ते, कागद हिकडून तिकडं न्यायचे आन् तिकडून हिकडं. ह्याला काम म्हणतेत व्हय?" पण कान काही बंद करता येत नाहीत. एके संध्याकाळी नाडकर्णीने सुमनची फाइल हळूच आपल्या खणात सरकवली आणि साहेबांनी तीच मागितली. सुमन वेड्यासारखी शोधतेय. आणि पलंगावरून एकदम आवाज आला, "आगं त्याच्या खणात हाय, तिथं बघ." मी वळून पाहिलं. मामांची पाठ नव्हती, तोंड टीव्हीकडे होतं. काठी दोन्ही हातांत घट्ट धरलेली. त्या दिवसापासून पावणेआठलाच ते "लाव ते" म्हणू लागले. मी माझी रोजची जागा धरायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, खाली, पदर डोक्यावर. ते पलंगावर. आमच्या दोघांत बोलण्यासारखं काही नव्हतं ते त्या मालिकेने दिलं.

त्यांचे प्रश्न मोठे मासलेवाईक असायचे. "साहेब काय करतो गं?"

"सही करतात, मामा."

"आन् दिवसभर?"

 हे आज इतकी वर्षं ऑफिसात काढूनही मला सांगता येत नाही. नाडकर्णीबद्दल मात्र त्यांचं मत पक्कं होतं. "ह्यो लांडगा नाय. लांडगा समोरून येतो. ह्यो कोल्हा हाय." आणि सुमनबद्दल रोज एकच तक्रार, "त्या लेकराला कामून उभं ठिवलंय? एक खुर्ची नाय व्हय येवढ्या मोठ्या हापिसात?" तिला खुर्ची मिळाली त्या संध्याकाळी तर गल्लीत सण झाला. म्हातारा शिपाई स्वतःचं स्टूल देऊ करतो, ते पाहून साहेबांना लाज वाटते आणि आतून खरीखुरी, वेताची, हातांची खुर्ची येते. शबाना भाभींनी भिंतीवरून शिऱ्याची वाटी दिली. मामांनी ती काही न विचारता संपवली.

लोकांना अशा जुन्या काळाच्या मालिका का आवडतात, यावर पूजासारख्या मुली म्हणतात, त्या साड्या, ते दागिने, ते शांत रस्ते. असेल. पण आमचं तसं नव्हतं. इतरांसाठी तो काळ मागे पडलेला होता, आमच्या घरासाठी तो अजून यायचाच होता. आमच्या सात पिढ्यांत कुणी टेबलामागे बसलं नव्हतं. सुमन जे धडपडत शिकत होती, तेच मी उंबऱ्यावर बसून शिकत होते. साहेब आले की उठायचं. आत जाण्याआधी विचारायचं. रुमाल कमरेला खोचायचा. पेन्सिलला टोक करून ठेवायचं. सगळं मी मनात नीट घडी घालून ठेवत होते. हे साठ वर्षांपूर्वीचं आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण दुसरं ऑफिस मी पाहिलंच कुठे होतं?

क्रांती चौकातून आत गेलं की एका जिन्यावर टायपिंगचा क्लास होता. तेव्हा अजून मशीनवरच परीक्षा व्हायच्या. खालून जाताना तो आवाज ऐकला आणि माझे पाय थांबले. घरी येऊन मी पदर सावरत विचारलं, "मामा, सुमनसारखी मशीन शिकू का?" मला वाटलं, झालं, आता ओरडा. ते म्हणाले, "खरीच हाय का ती मशीन? मला दाव." दुसऱ्या दिवशी घोंगडं पांघरून माझ्यासोबत आले. जिना चढताना गुडघा दुखत होता, तरी चढले. क्लासच्या बाईंनी त्यांना एक कळ दाबू दिली. त्यांनी अंगठ्याने अशी दाबली की कागदाला भोक पडलं. सगळा क्लास हसला. मामाही हसले, आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा.

मग दुपार माझी झाली. उन्हाने डांबर मऊ पडलेलं, रिक्षात शेजारी कुणाची तरी कोंबडी, आणि माझी बोटं मांडीवर आपोआप नाचतायत. घरी पोळपाटावर, हंड्याच्या काठावर, झोपेत ह्यांच्या पाठीवर. हे म्हणायचे, "अगं, माझ्या पाठीवर काय अर्ज लिहायलीस?" मी म्हणायचे, नोकरीचा.

आणि नोकरी आलीही. चितेगावच्या एका कंपनीला मराठीत नोटिसा आणि पत्रं टाइप करणारं माणूस हवं होतं. ह्यांनी बातमी आणली आणि नेहमीप्रमाणे हळूच म्हणाले, "दादांना तूच विचार." हे वडिलांना दादा म्हणतात. मी विचारलं. मामा काठी जमिनीवर टेकवत राहिले. टीव्हीवर नेमका मालिकेचा शेवटचा आठवडा चालू होता. सुमनला नोकरीत पक्कं करणार की काढणार, नाडकर्णीने शेवटचा डाव टाकला होता.

"जाऊन तर ये," मामा म्हणाले. "पन पक्कं काय ते मंग बघू. आधी त्या पोरीचं काय व्हतंय ते बघू."

कुणाला वाटेल, म्हाताऱ्याने वेळ मारून नेली. पण मी त्यांना ओळखायला लागले होते. ते खरोखरच वाट बघत होते. म्हणजे माझं त्या शहरातलं राहणं कुणा अनोळखी लेखकाच्या हातात जाऊन पडलं होतं आणि तो लेखक कोण, कुठे राहतो, माझ्यावर त्याचा काही राग आहे का, काहीच कळायला मार्ग नव्हता. सुमन, बाई गं, तेवढी पक्की हो, असं मी देवापुढे दिवा लावताना म्हणायचे.

मुलाखत नेमकी शेवटच्या भागाच्या दिवशी. मी कडक इस्त्रीची सुती साडी नेसले, कमरेला रुमाल खोचला, केसांचा सुमनसारखा अंबाडा घातला. ह्यांची शिफ्ट होती, म्हणून मामा सोबत आले. मालिकेत सुमनच्या वडिलांना कचेरीत कुणी विचारलं नव्हतं ते त्यांच्या मनाला लागलं होतं. "मी फाटकापाशी बसतो. कुणी काय बोललं तर सांग."

ऑफिस बघून मी हिरमुसले. आवाजच नाही. खड् नाही, टिंग नाही, घंटी नाही, फायलींचे ढीग नाहीत. गार हवा आणि पडद्यांकडे बघणारी माणसं. साहेबांच्या खोलीला दारही नव्हतं. तरी मी रिकाम्या जागेत उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आत येऊ का, साहेब?" साहेब माझ्याच वयाचे, टी-शर्टातले. म्हणाले, "या की, बसा." सुमन साहेबांसमोर कधी बसली नव्हती. मी म्हणाले, "नको साहेब, बरं आहे." त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा नको म्हटलं. शेवटी संकोचून तेच उभे राहिले.

मग मला कॉम्प्युटरसमोर बसवून एक नोटीस टाइप करायला दिली. कळा त्याच होत्या, पण मी मशीनच्या सवयीने अशा बडवल्या की सगळं ऑफिस वळून बघू लागलं. ओळ संपली. आणि ओळ संपली की डाव्या हाताने मशीनची गाडी ढकलायची, हे बोटांना इतकं मुरलेलं की हात झपकन उठला, पडद्यासमोरून सर्रकन गेला आणि तिथला पाण्याचा ग्लास आडवा झाला.

मी ताडकन उठले. कमरेचा रुमाल काढला, पाणी टिपलं आणि शेजारच्या कुंडीत पिळलं. परत टिपलं, परत पिळलं. साहेब म्हणाले, "राहू द्या हो, मावशी पुसतील."

"नाही साहेब, पाणी आहे ते," मी म्हणाले.

पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम आधी हसत होत्या, त्या हसायच्या थांबल्या. साहेबांनी नोटीस वाचली. एकही चूक नव्हती. "खिडकीपाशी बसा तुम्ही, तिथे टेबल रिकामं आहे," ते म्हणाले. "घरी विचारा आणि उद्या सकाळी सांगा." बाहेर येताना मी ते टेबल, ती चाकांची खुर्ची डोळे भरून पाहिली. आत कुणीतरी माझी "आत येऊ का" अशी नक्कल करत होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खरंच नाही. त्या क्षणी मला कुणी उचलून आभाळात फेकलं असतं तरी मी खाली आले नसते.

मामा फाटकाजवळ वॉचमनशी मेंढरांच्या गोष्टी करत होते. मी सगळं सांगितलं, ग्लाससुद्धा. ते "हं" म्हणाले. पैठण रोडवर धूळ उडत होती, रिक्षात ते सगळा वेळ बाहेर बघत होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आठला बघू."

त्या संध्याकाळी शबाना भाभी आमच्याकडेच येऊन बसल्या. सात-आठ बायका दारात. मी उंबऱ्यावर, हातात निवडायला घेतलेले तांदूळ, एकही खडा दिसत नव्हता. नाडकर्णीचं पितळ उघडं पडलं. साहेबांनी सुमनला पक्कं केल्याचा कागद दिला. दारात टाळ्या पडल्या, मी ताट बाजूला ठेवलं. आणि तेवढ्यात सुमन लाजली. कागद तिने साहेबांच्या टेबलावर परत ठेवला. तिचं लग्न ठरलं होतं. सगळे कारकून उठून उभे राहिले, सनई वाजू लागली, तिने वेताच्या खुर्चीवरून एकदा हात फिरवला आणि हसत हसत निघून गेली. समाप्त.

 मग शबाना भाभी उठल्या. "ये क्या किया रे इनोंने? इत्ता लड़ी, इत्ता लड़ी, और आखिर में रोटियां बेलने चली गई?" त्या रागारागाने निघून गेल्या, त्यांच्यामागे बाकीच्या.  लेखकाने माझा गळा कापला होता आणि वर सनई वाजवली होती. पाऊस आज ना उद्या येणारच, मला दिसत होतं, एक पिशवी, एस.टी., आणि मी.

मामांनी स्वतः उठून टीव्ही बंद केला. आजवर त्यांनी त्याला हात लावला नव्हता. परत पलंगावर जाऊन बसले.

"कामून सोडली तिनं?"

"लग्न झालं ना, मामा," मी खाली बघत म्हणाले.

"मंग? तुझं बी झालंय की."

मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते, बंद टीव्हीकडे बघत होते, अजून त्या सुमनवर चिडलेले. "येवढी खुर्ची मिळाली आन् दिली सोडून. येडी का खुळी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या साहेबाला सकाळी सांग, येती म्हणून."

"आणि गावाकडे, मामा? पाऊस पडल्यावर?"

"म्या जातो की एकला."

"सासूबाई विचारतील."

त्यांनी पटका सारखा केला. आणि ज्या सुरात माणसं जावई कुठे असतो, मुलगा काय करतो ते गावच्या पारावर सांगतात, त्या सुरात म्हणाले, "सांगंन की. सून हापिसात असती."